आंबट परीक्षा

दुखण्यांतही उच्च-नीच असतं. छातीत कळ आली असं नुसतं म्हटलं तरी माणसं खुर्ची सोडून उठतात, कुणी पंखा वाढवतो, कुणी गाडी काढायला धावतो. मधुमेह निघाला तर आधीपासूनचे मधुमेही मोठ्या मानानं आपल्यात घेतात. कंबरदुखीवर आख्खी संध्याकाळ रंगते. पण गाल सुजला, की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो. काहीजण विचारायचेही कष्ट घेत नाहीत. "आधी पान थुका सर, मग बोला," एवढं म्हणून मोकळे होतात.

मी पान खात नाही. उभा जन्म मास्तरकीत गेला, तोंडात खडूची भुकटी सोडून दुसरं काही गेलं नाही. तरी यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या उजव्या जबड्याखाली लिंबाएवढी सूज आली आणि मैंदर्गीत माझ्या चारित्र्याची फेरतपासणी सुरू झाली.

अक्कलकोटहून दुधनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे आमचं गाव. नगरपरिषद आहे, म्हणून कागदोपत्री शहर. पण कुणाच्या घरी आज कसली आमटी आहे ते चार घरं पलीकडे कळावं इतपत खेडं. कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळं कुठलीही चौकशी दोन भाषांतून होते. स्टँडवर उतरून घरापर्यंत यायचं तर "काय झालं ओ सर गालाला?" आणि "एन आय्तु री?" या दोन्ही प्रश्नांना आलटून पालटून उत्तरं देत यावं लागतं. मुळात बोलताना जबडा ओढतो, त्यात दोन भाषा. शेवटी मी टॉवेल गळ्याभोवती गुंडाळून बाहेर पडायला लागलो. त्यावर एकानं उन्हाळ्यात सर्दी झाल्याबद्दल हळहळ व्यक्त केली.

माझ्या सुजेची खोड अशी, की ती जेवायच्या वेळेवर यायची. ताटात कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि फोडलेला कांदा. आमच्या सोलापूरकडची कडक भाकरी ज्यांनी खाल्ली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ती पापडासारखी पातळ आणि कडकडीत वाळवलेली असते, महिनोन्‌महिने टिकते, आणि तिचा पहिला तुकडा दाताखाली मोडला की शेजारच्या खोलीत कळतं. तर तो तुकडा मोडायचा अवकाश, जबड्याच्या हाडाखाली आतून कुणीतरी दोरी आवळल्यागत व्हायचं. मग बोटांना एक गाठ लागायची, आणि दही संपेपर्यंत ती आरशात दिसण्याइतकी व्हायची. कधी कधी तर घास तोंडात जायचाही आधी, स्वयंपाकघरातून लसणाच्या फोडणीचा वास आला तरी गाठ हजर. जेवून तास-दीड तास झाला की आपोआप ओसरायची.

"जेवायला बसलं की बरं फुगतं, आणि दुपारी गव्हाचं पोतं उचला म्हटलं की त्याच बाजूला दुखतं," हे सौभाग्यवतींचं निरीक्षण. त्यातला पहिला भाग वैद्यकीयदृष्ट्या फार मोलाचा होता हे मला नंतर कळलं.

गावातले निदानकर्ते सगळे मन लावून कामाला लागले. न्हाव्यानं अक्कलदाढ सांगितली. पतसंस्थेतल्या एका निवृत्त माणसानं "उष्णता" सांगितली; आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत कुठल्याही रोगाचं निदान उष्णता असंच होतं आणि ते सहसा खोडून काढता येत नाही. एकानं आवाज खाली करून "गाठ आहे म्हणजे एकदा मोठ्या दवाखान्यात..." एवढंच म्हणून वाक्य अर्धवट सोडलं आणि माझी एक रात्रीची झोप नेली. शेजारच्या आज्जी मात्र वाटीत लिंबाचं जुनं लोणचं घेऊनच आल्या. त्या घरात कन्नड बोलतात आणि माझ्याशी मराठी.

"मंगनबाव हाय हे," त्या म्हणाल्या. कानडीत गालगुंडाला हे नाव, आणि त्यात माकड आहे. हसणं आलंच.

"माझ्या वयाला गालगुंड कुठलं, आज्जी?"

"वय इचारून येतंय व्हय ते? खावा की ही फोड. लाजालाव कशाला?"

मी फोड तोंडात टाकली. आंबट जिभेला लागलं आणि जबड्याखाली अशी कळ उठली, की डोळ्यांतून पाणी आलं. आज्जींनी वाटी उचलली, पदर सावरला आणि निकाल सांगितला: "पानी आलं. गालगुंडच."

या परीक्षेला कुणी हसू नये. लॅबोरेटरी, सोनोग्राफी वगैरे गावात पोचायच्या कितीतरी आधीपासून आयाबायांनी ती घेतली आहे, आणि पोरांच्या बाबतीत ती बहुतेक वेळा बरोबर ठरते. गालगुंडात कानाखालची लाळेची ग्रंथी विषाणूमुळं सुजून ताणलेली असते. आंबट लागलं की तिला लाळ सोडायचा हुकूम सुटतो, ती आकसायला बघते, आणि ताणलेल्या पिशवीला तेवढंही सोसत नाही. आमच्या शाळेच्या आवारात चिंचेचं झाड होतं. मधल्या सुट्टीत झाडाखाली जाऊनही जो पोरगा चिंच नाकारायचा, त्याला मी तिथूनच घरी पाठवायचो. थर्मामीटरची गरज पडली नाही.

थंडी सरता सरता शाळेत गालगुंडाचा हंगाम यायचा. हजेरी घेताना एखाद्या नावावर शांतता पसरली की बाकी वर्ग एकसुरात "गालगुंड, सर!" म्हणायचा. त्यातही जी पोरं दम निघत नाही म्हणून अर्ध्या दुखण्यात शाळेत यायची, त्यांचा थाट बघण्यासारखा. हनुवटीखालून टॉवेल घेऊन डोक्यावर गाठ मारलेली, गाठीची दोन टोकं दोन बाजूंना उभी, दोन्ही गालांना आंबेहळदीचा किंवा रक्तचंदनाचा जाड लेप, तो वाळून तडकलेला, आणि मधून दोन रडके डोळे. अख्खा वर्ग लोटपोट. हसणाऱ्यांचा नंबर दोन-अडीच आठवड्यांनी लागायचा, कारण हा विषाणू अंगात शिरल्यापासून गाल फुगेपर्यंत साधारण तेवढे दिवस घेतो. शिवाय तो गाल फुगायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरत असतो. म्हणजे लेप लावलेल्या पोराला बाकावरून उठवून कोपऱ्यात बसवायचं तोपर्यंत शेजारच्याला प्रसाद मिळून गेलेला असे.

पण माझं दुखणं ते नव्हतं. गालगुंड जेवणाच्या घंटेवर येत-जात नाही.

आता या ग्रंथींबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण सुजेपर्यंत त्यांची कुणी आठवण काढत नाही. कानाच्या पाळीखाली एक, जबड्याच्या हाडाखाली एक, जिभेखाली एक, अशा दोन्ही बाजूंच्या मिळून सहा मोठ्या. शिवाय ओठ, गाल, टाळू यांच्या अस्तरात शेकड्यांनी बारक्या. सगळ्या मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. त्यातली बहुतेक आपण गिळतो आणि गिळतोय हे आपल्या गावीही नसतं. झोपेत हा कारखाना जवळजवळ बंद, आणि ताट समोर आलं की तिन्ही पाळ्या चालू. ताट यायचीही वाट बघत नाही. रशियातल्या पावलोव्हनं कुत्र्यांच्या लाळेचे थेंब मोजून हेच दाखवलं, आणि पचनावरच्या कामासाठी त्याला 1904 साली नोबेल मिळालं. आमच्याकडे फोडणीचा चर्र आवाज झाला की ओसरीवरचा माणूस घशाखाली काय गिळतो हे सांगायला कुत्रं लागलं नसतं, पण विज्ञानाला मोजमाप लागतं.

ही लाळ नसेल तर कडक भाकरी खाऊन दाखवावी. घशाला ओरखडे पडतील. लाळेमुळं ती भिजते, चटणीचा तिखटपणा जिभेच्या कानाकोपऱ्यांत पोचतो, दातांवरचं आंबट धुतलं जातं, जंतूंचा बंदोबस्त होतो. आणि एक गंमत कुणीही करून बघावी. मालदांडीच्या ज्वारीच्या भाकरीचा नुसता तुकडा, काही न लावता, न गिळता खूप वेळ चावत राहायचं. हळूहळू तो गोडसर लागायला लागतो. लाळेतलं अमायलेज पिठाची साखर करायला तोंडातच सुरुवात करतं. आमच्याकडे म्हातारी माणसं घास बत्तीस वेळा चावायला सांगत, ती बहुधा हीच मजा स्वतः घेत असावीत.

इतकं करून लाळेची अब्रू काय, तर तोंडात आहे तोवर ठीक. बाहेर एक थेंब आला की उष्टं, विटाळ, शी. दुसऱ्याच्या पेल्याला ओठ लागला तर पेला घासायला जातो. आणि तोच माणूस एसटीच्या खिडकीतून भर रस्त्यावर पिंक टाकताना क्षणभर थांबत नाही. असो, हा विषय निघाला की माझ्यातला मास्तर जागा होतो.

कानाखालच्या ग्रंथीतून लाळ तोंडात नेमकी कुठून येते, हे माणसाला 1660 सालापर्यंत नीट ठाऊक नव्हतं. नील्स स्टेन्सन नावाचा विशी-बाविशीतला डॅनिश विद्यार्थी ॲम्स्टरडॅमला शिकायला गेला होता. त्यानं फाडून बघायला मेंढीचं डोकं आणलं. गालात एक नळी दिसली म्हणून त्यात सळई सारली, तर ती पुढं सरकून आत दाताला खट्‌कन लागली. वरच्या दाढेसमोर गालाच्या आतल्या बाजूला ती नळी उघडते. आरशात गाल बाजूला ओढून बघितलं तर बारीकसा उंचवटा दिसतो. ज्यांच्याकडे तो राहत होता त्या प्राध्यापकांनी लगेच शोध आपलाच असल्याचं जाहीर केलं. भांडण बरंच गाजलं. नळीला अखेर नाव स्टेन्सनचंच राहिलं. हा माणूस पुढं लाळ सोडून दगडांच्या नादी लागला, खडकांत जीवाश्म कसे अडकतात याचा विचार करून त्यानं 1669 मध्ये पुस्तक काढलं आणि भूगर्भशास्त्राचा पाया घातला. नंतर तो बिशप झाला. लाळेच्या नळीकडून दगडाकडे गेलेला माणूस म्हणून मला तो फार जवळचा वाटतो, कारण माझ्याही बाबतीत तेच झालं. फक्त माझा दगड स्टेन्सनच्या हद्दीत नव्हता. तो निघाला जबड्याखालच्या ग्रंथीच्या नळीत, आणि ती नळी लंडनच्या थॉमस वॉर्टन या डॉक्टरच्या नावानं ओळखली जाते. त्यानं तिचं वर्णन चार वर्षं आधी, 1656 ला केलं होतं.

हे निदान सोलापुरात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी केलं. त्यांनी माझं म्हणणं ऐकलं, "जेवतानाच फुगतं?" एवढंच विचारलं, हातमोजा चढवला, एक बोट जिभेखाली घातलं, दुसऱ्या हाताची बोटं बाहेरून जबड्याखाली लावली आणि दोन्हींच्या मध्ये काहीतरी चाचपलं. मग सोनोग्राफी. लाळेच्या नळीत खडा आहे. मूतखडा ऐकून होतो, पित्ताशयातला खडा पाहिला होता. तोंडातही खडा होतो म्हटल्यावर मला आपल्या शरीराच्या खाणकामाचं कौतुक वाटलं.

लाळेत चुना असतो, म्हणजे कॅल्शियमचे क्षार. लाळ दाट झाली, नळीत साचून राहिली, की त्या क्षारांचा थर बसत जातो. लाळेच्या दहा खड्यांतले आठ-नऊ जबड्याखालच्या ग्रंथीतच होतात. तिची लाळ चिकट, तिच्यात चुना जास्त, आणि नळी लांब, शिवाय वर चढत जाणारी. ग्रंथी खाली, तोंड वर. घास समोर आला की ग्रंथी लाळ सोडते, आणि पाटात ढेकूळ अडकल्यावर दारं धरणाऱ्याच्या पायापर्यंत पाणी मागं फुगत येतं तसं होतं. जेवण संपलं, मोटार बंद, पाणी हळूहळू झिरपून जातं. फार दिवस तुंबलं तर त्यात तोंडातले जंतू उलटे शिरतात, मग ताप, लाली, नळीच्या तोंडातून पू. माझं तिथपर्यंत यायला लागलंच होतं.

"पाणी किती पिता?" डॉक्टरांनी विचारलं.

ह्या प्रश्नाला निवृत्त माणसाकडे खरं उत्तर नसतं. रात्री उठावं लागतं म्हणून संध्याकाळनंतर प्यायचं नाही. एसटीत बसायचं असलं की सकाळपासून प्यायचं नाही. लग्नाला जायचं असलं की तिथं सोय कशी असेल कोण जाणे, म्हणून प्यायचं नाही. पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात, अंगातलं पाणी घामातून चाललेलं, आणि आम्ही काटकसर करतोय कशाची तर पाण्याची. त्यात सर्दी-खाज यांवरच्या काही गोळ्यांनी, लघवीच्या आणि मनाच्या आजारावरच्या काही औषधांनीही तोंड कोरडं पडतं. आमच्या वयाच्या माणसाच्या उशाला यांतली निदान एक तरी पट्टी सापडतेच.

मग त्यांनी औषध लिहून दिलं. जंतूंसाठी प्रतिजैविकं. दिवसभर पाणी. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. जबड्याखाली मागून पुढं बोटांनी चोळायचं, हळू. आणि शेवटची ओळ वाचून मी दोनदा विचारलं: लिंबाची फोड चोखायची, नाहीतर आंबट गोळ्या, दिवसातून चार-पाच वेळा.

म्हणजे आज्जींची परीक्षाच माझं औषध. गालगुंडात आंबट दिलं तर नुसती कळ. तिथं ग्रंथी स्वतःच आजारी असते, तिला कामाला जुंपण्यात अर्थ नसतो. पण नळीत बारका खडा असेल तर लाळेचा जोर लावून त्याला दारापर्यंत ढकलता येतं. खडा मोठा असेल तर हे चालत नाही. तेव्हा जिभेखाली छेद घेऊन तो काढतात, किंवा अलीकडे नळीत जाईल एवढी बारीक दुर्बीण घालून चिमट्यानं, टोपलीनं ओढतात. आतबाहेर पू झालेला असेल तर आधी तो आटोक्यात आणतात. तेव्हा वाचून लगेच कुणी लिंबू कापायला घेऊ नये.

घरी आलो. बाजारात कैऱ्या आलेल्याच होत्या. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मला मीठ-तिखट लावलेली कैरी डॉक्टरी सल्ल्यानं, कुणाची बोलणी न खाता, खाता आली. प्रत्येक फोडीला जबड्याखालून कळ, डोळ्यांत पाणी, वरून बोटानं चोळणं आणि घोटभर पाणी. बाजूला नातू बसलेला. त्याला हे सगळं दुखणं अत्यंत हेवा वाटण्यासारखं वाटत होतं.

एका संध्याकाळी जेवताना जिभेखाली काहीतरी खरखरीत लागलं. भाकरीतला खडा.

"ज्वारी निवडली नाही का नीट?" मी विचारलं.

"निवडलेली आहे. नीट बघा, खडा कुठल्या गिरणीतला आहे ते."

तळहातावर घेतला. ज्वारीच्या दाण्याएवढा, पिवळसर, एका टोकाला निमुळता, अंगावर बारीक खवले. नखानं दाबला तर तुटेना. इतक्या दिवसांची दोरी, टॉवेल, चारित्र्यहनन, एसटीची तिकिटं, सोनोग्राफी, सगळं या एवढ्याशा मालातून. मी तो औषधाच्या बाटलीच्या झाकणात ठेवला. आज्जी बघायला आल्या, चष्मा वर-खाली करून पाहिला आणि म्हणाल्या, "मंगनबावाचं बी हाय हे. जाळून टाका, न्हाईतर परत उगवंल."

खडा गेला आणि जेवणाला पुन्हा चव आली. मग उरलेल्या वेळात वाचत बसलो, की या दुखण्याला शहाण्या माणसांनी तरी गंभीरपणे घेतलं होतं का. सुश्रुतसंहितेत जबड्याच्या सांध्यापाशी येणारी, टणक, फारशी न दुखणारी सूज सांगितली आहे; वैद्य तिला गालगुंडाशी जोडतात. तिचं नाव पाषाणगर्दभ. नाव वाचून इथंही हसू येणारच, आणि तिला जागा मिळाली आहे ती क्षुद्ररोगांच्या यादीत. चरकानं मात्र हसणं थांबवलं. सन्निपात ज्वराच्या शेवटी कानाच्या मुळाशी भयंकर सूज येते आणि तिच्यातून क्वचितच कुणी वाचतो, असं तो सांगतो. आजचे डॉक्टर हे वर्णन लगेच ओळखतील. दिवसेंदिवस तापानं फणफणलेला, अन्नपाणी तुटलेला, तोंड सुकलेला रोगी, लाळ आटलेली, आणि तोंडातले जंतू उघड्या नळीतून सरळ ग्रंथीत. 1881 च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना गोळी लागली. अंथरुणात आठवडेच्या आठवडे गेले, अन्न पोटात टिकेना, आणि ऑगस्टमध्ये त्यांची कानाखालची ग्रंथी सुजून तिच्यात पू झाला. सप्टेंबरमध्ये ते गेले. गोळी, अस्वच्छ हातांनी जखम चाचपणारे डॉक्टर आणि अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग ही मोठी कारणं. पण कानाखालची ती सूज चरकाच्या वाचकाला चकित करणार नाही. आता सलाईन आहे, प्रतिजैविकं आहेत, त्यामुळं हे क्वचित दिसतं. तरी घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर त्याला चमच्यानं पाणी पाजणं आणि रोज तोंड पुसून स्वच्छ ठेवणं, ही दोन कामं औषधाइतकीच महत्त्वाची. सून करते ती, आणि मान सलाईन लावणाऱ्याला मिळतो.

राहता राहिलं पोरांचं गालगुंड. ते बहुतेकांना आठवडा-दहा दिवसांत सोडून जातं, खरं आहे, आणि म्हणूनच त्याच्यावर विनोद होतात. पण वयात आलेल्या मुलाला झालं तर "खाली उतरतं", असं आमच्या गावात दबक्या आवाजात बोलतात. तेही खरं आहे. लस न घेतलेल्या मोठ्या पुरुषांत चार-पाचांत एखाद्याचं अंड सुजतं, बहुतेक एकाच बाजूचं. त्यापुढं जाऊन "आता याला मूल होणार नाही" असं जे पारावर ठरवलं जातं, तसं मात्र फार क्वचित होतं. त्या पारावरच्या निकालानं मोडलेल्या सोयरिकी माझ्या माहितीत आहेत. कधी मेंदूच्या आवरणाला सूज येते. कधी एक कान कायमचा बहिरा होतो, आणि तो बहिरा झाला हे पोराला नीट सांगताही येत नाही. वर्गात ते लक्ष देत नाही म्हणून आमच्यासारखे मास्तर त्यालाच बोलतात.

या आजारावर लस आहे, आणि तीही एका फुगल्या गालातूनच आलेली. 1963 च्या मार्चमध्ये अमेरिकेत जेरिल लिन नावाच्या पाच वर्षांच्या मुलीचा गाल सुजला. रात्री तिनं बापाला उठवलं. बाप मॉरिस हिलमन, लस बनवणारा शास्त्रज्ञ. त्यानं लेकीला परत झोपवलं, प्रयोगशाळेतून सामान आणलं, तिच्या घशातून कापसाच्या बोळ्यानं नमुना घेतला आणि तो गोठवून ठेवला. त्या विषाणूला कमजोर करून केलेली लस 1967 च्या अखेरीस मान्य झाली, आणि चाचण्यांच्या वेळी ती जेरिलच्या धाकट्या बहिणीलाही टोचली होती. थोरलीचा आजार धाकटीचं संरक्षण. त्या विषाणूच्या वाणाला आजही जेरिल लिनच म्हणतात. 1971 ला गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची मिळून एक लस आली, तीच एमएमआर.

ही एमएमआर आपल्या पुण्यातही बनते, सिरम इन्स्टिट्यूटमध्ये. तिच्यात गालगुंडाचा वाण निराळा आहे, लेनिनग्राड-झाग्रेब. शंभराहून अधिक देशांच्या सरकारी यादीत गालगुंडाची लस आहे. आपल्या सरकारी यादीत नाही. 27 नोव्हेंबर 2018 ला महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम सुरू झाली, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळाशाळांतून टोचलं गेलं. शाळेच्या व्हरांड्यात रांगा लावायला मीही उभा होतो. रुबेला म्हणजे काय, ते पालकांना समजावता समजावता आमचा घसा बसला. गालगुंड म्हणजे काय, हे एकालाही समजावावं लागलं नसतं, आणि त्या बाटलीत नेमकं तेच नव्हतं. कारण सांगतात, की यानं पोरं दगावत नाहीत, पैसा आधी दगावणाऱ्यांवर खर्च व्हावा. हिशेब चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पण पुण्यात बनणारी लस मैंदर्गीच्या मजुराच्या पोराला पैसे मोजून घ्यावी लागते, म्हणजे बहुधा घेतलीच जात नाही, आणि यात हसण्यासारखं मला काही दिसत नाही.

तुमच्या घरात लहान मूल असेल तर त्याचं लसीकरणाचं कार्ड काढून बघा. बालरोगतज्ज्ञांची संघटना एमएमआर तीनदा द्यायला सांगते: नवव्या महिन्यात, पंधराव्या महिन्यात आणि चार ते सहा वर्षांच्या दरम्यान. कार्डावर नुसतं एमआर लिहिलेलं असेल तर ती गोवर-रुबेलाची. गालगुंडाची त्यात नसते, त्यासाठी डॉक्टरांकडे एमएमआर मागावी लागते.